आपला कन्सोल, आपला प्रोग्राम: कायदा नेमके काय म्हणतो?

टीव्हीखाली ठेवलेला प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स आतून पाहिला तर तो सरळसरळ संगणक असतो. त्यात प्रोसेसर असतो, मेमरी असते, माहिती साठवायला जागा असते आणि या सगळ्यावर हुकूम चालवणारी एक ऑपरेटिंग सिस्टीम असते. लॅपटॉप विकत घेतल्यावर त्यावरचे विंडोज पुसून लिनक्स टाकायला आपण कोणाची परवानगी मागत नाही. कन्सोलवर मात्र स्वतः लिहिलेला दहा ओळींचा प्रोग्रामसुद्धा सहसा चालत नाही, कारण त्याला कंपनीने कुलूप लावलेले असते. हे कुलूप उघडून आपण लिहिलेले किंवा इतरांनी मोकळेपणाने वाटलेले मुक्त सॉफ्टवेअर चालवले, तर कायदा मोडतो का, हा प्रश्न गेली तीसेक वर्षे निरनिराळ्या देशांच्या न्यायालयांत फिरत आहे. त्याचे उत्तर देशागणिक बदलते. माझ्या मते भारतीय कायद्याने दिलेले उत्तर अमेरिकेच्या उत्तरापेक्षा अधिक न्याय्य आहे, पण ते आपल्याकडे फारसे कोणाला माहीत नाही.

आधी हे कुलूप कसे असते ते पाहू. कंपनीकडे एक गुप्त किल्ली असते, म्हणजे एक फार मोठी संख्या, आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गेमवर त्या किल्लीने डिजिटल स्वाक्षरी केली जाते. कन्सोल कोणताही प्रोग्राम सुरू करण्यापूर्वी ती स्वाक्षरी तपासतो. सरकारी कागदावर सही-शिक्का नसेल तर खिडकीवरचा कारकून जसा तो परत करतो, तसा स्वाक्षरी नसलेला प्रोग्राम कन्सोल नाकारतो. फरक एवढाच की या शिक्क्याची नक्कल जवळजवळ अशक्य असते, आणि कागदावरचे एक अक्षर बदलले तरी शिक्का आपोआप रद्द होतो. कंपन्यांकडे याची कारणे आहेत. यंत्र कमी नफ्यात किंवा तोट्यातही विकायचे आणि गेमच्या परवान्यातून पैसे मिळवायचे, असा हा धंदा आहे. चोरीच्या प्रती आणि ऑनलाइन खेळातली लबाडी रोखणे हेही खरे प्रश्न आहेत. पण कुलूप एकच असल्यामुळे ते चोरीचा गेम आणि विद्यार्थ्याने लिहिलेला प्रोग्राम यांच्यात भेद करू शकत नाही. सगळ्या खटल्यांचे मूळ या एका गोष्टीत आहे.

सुरुवातीच्या खटल्यांत कायद्याने कुलूप उघडणाऱ्यांची बाजू बऱ्यापैकी समजून घेतली होती. कॅलिफोर्नियातल्या ॲकोलेड या कंपनीला सेगाच्या जेनेसिस कन्सोलसाठी गेम बनवायचे होते, पण सेगाच्या अटी मान्य नव्हत्या. तिने बाजारातून कन्सोल आणि गेम विकत आणले, गेममधला यंत्रभाषेतला कोड उलगडून वाचला, कन्सोलशी बोलायला नेमके काय लागते याची टिपणे काढली आणि त्या टिपणांवरून स्वतःचे गेम लिहिले. पुढे सेगाने कन्सोलची नवी आवृत्ती आणली. गेमच्या ठरावीक जागी एस, ई, जी, ए ही चार अक्षरे सापडली तरच ती गेम सुरू करत असे, आणि अक्षरे सापडली की पडद्यावर ‘हा गेम सेगाने किंवा सेगाच्या परवान्याखाली तयार झाला आहे’ अशा अर्थाची ओळ झळकत असे. ॲकोलेडने ती चार अक्षरे आपल्या गेममध्ये घातली, आणि सेगाने कॉपीराइट व ट्रेडमार्क या दोन्हींच्या भंगाचा दावा लावला.

१९९२ मध्ये अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या, म्हणजे न्यायालयीन विभागाच्या, अपील न्यायालयाने ॲकोलेडच्या बाजूने निकाल दिला. न्यायालयाचे म्हणणे साधे होते. कन्सोलशी जुळवून घेण्यासाठी लागणारी माहिती मिळवण्याचा दुसरा मार्ग नसेल, तर त्यासाठी कोड उलगडताना होणारी नक्कल हा वाजवी वापर आहे, म्हणजे परवानगीशिवायही चालणारा. घातलेला मजकूर लाखो बाइटच्या गेममध्ये अवघा २० ते २५ बाइटचा होता. आणि पडद्यावरच्या ओळीमुळे ग्राहकांचा गैरसमज होत असेल, तर त्याला जबाबदार ती ओळ तिथे झळकवणारी सेगाच आहे, कारण ट्रेडमार्कचाच कुलूप म्हणून वापर तिने केला होता. हा मुद्दा ज्यांना फार तांत्रिक वाटेल त्यांनी निन्टेंडोचा जुना गेम बॉय आठवून पाहावा. त्याच्या प्रत्येक कार्ट्रिजच्या सुरुवातीला निन्टेंडोच्या बोधचिन्हाचे ४८ बाइट असावे लागतात. कन्सोल सुरू होताना ते चिन्ह वरून खाली सरकते, आणि एक बाइट जरी चुकला तरी यंत्र तिथेच थांबते. आज हौसेने गेम बॉयसाठी मुक्त परवान्याचा गेम लिहिणाऱ्यालाही दुसऱ्याचे बोधचिन्ह आपल्या प्रोग्रामच्या आरंभी ठेवावे लागते, कारण त्यावाचून दार उघडतच नाही. सेगाच्या निकालाचे महत्त्व अशा वेळी लक्षात येते.

त्याच वर्षी आलेला दुसरा निकाल मात्र उलट बाजूचा होता, आणि तोही लक्षात ठेवण्यासारखा आहे. निन्टेंडोच्या कन्सोलमधली कुलपाची चिप समजून घेण्यासाठी अटारी गेम्सने अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाला खोटे कारण सांगून निन्टेंडोने तिथे जमा केलेला मूळ कोड मिळवला होता. न्यायालयाने तत्त्व तेच ठेवले, म्हणजे अभ्यासासाठी कोड उलगडणे चालते असेच म्हटले. पण अटारीचा मार्गच लबाडीचा असल्यामुळे तिला त्या तत्त्वाचा आधार नाकारला. माहिती कशी मिळवली, याला या विषयात फार वजन आहे.

१९९८ मध्ये अमेरिकेने डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायदा केला आणि चित्र पालटले. तोपर्यंत न्यायालय विचारत असे की तुम्ही कोणाच्या कृतीची, म्हणजे गेम किंवा पुस्तकासारख्या निर्मितीची, बेकायदा नक्कल केली का. नव्या कायद्याच्या कलम १२०१ ने त्याआधीचा एक प्रश्न उभा केला: कृतीपर्यंत पोहोचण्याच्या वाटेवर असलेले कुलूप तुम्ही उघडले का? उघडले असेल, तर आत जाऊन तुम्ही काहीही चोरले नसले तरी कुलूप उघडणे हाच वेगळा अपराध ठरू शकतो, आणि कुलूप उघडण्याची साधने इतरांना पुरवणे हा त्याहून मोठा. व्यापारी फायद्यासाठी जाणूनबुजून केले तर पहिल्या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाख डॉलरपर्यंत दंड आहे. स्वतंत्रपणे लिहिलेल्या प्रोग्रामची इतर प्रोग्रामशी सांगड घालण्यासाठी एक अपवाद त्या कलमात आहे, पण न्यायालयांनी तो अरुंद अर्थाने वाचला. गेम ऑनलाइन खेळण्यासाठी स्वयंसेवकांनी लिहिलेल्या बीनेटडी या मुक्त सर्व्हर-प्रोग्रामला २००५ मध्ये आठव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने हा अपवाद नाकारला, कारण त्या सर्व्हरवर चोरीच्या प्रतीही चालत होत्या. शिवाय ‘कोड उलगडणार नाही’ ही परवान्यातली अट त्यांच्यावर बंधनकारक मानली गेली.

या सगळ्यात माझ्या मनाला सर्वात लागलेले प्रकरण प्लेस्टेशन ३ चे आहे. २००६ मध्ये हा कन्सोल आला तेव्हा त्यावर लिनक्स टाकण्याची सोय सोनीनेच दिली होती, आणि लोकांनी तिचा मनापासून उपयोग केला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या डार्टमथ परिसरातले भारतीय वंशाचे भौतिकशास्त्रज्ञ गौरव खन्ना यांनी काही प्लेस्टेशन ३ एकत्र जोडून त्यांवर कृष्णविवरांची गणिते सोडवली. अमेरिकेच्या हवाई दलाने न्यूयॉर्क राज्यातल्या रोम गावी अशा १,७०० हून अधिक कन्सोलचा महासंगणक उभा केला. जे काम करायला एरवी कित्येक पट पैसे लागले असते, ते बाजारात मिळणाऱ्या खेळण्याच्या यंत्रावर होत होते, आणि तेही पूर्णपणे कायदेशीर वाटेने.

२००९ मध्ये आलेल्या बारीक आवृत्तीतून सोनीने ही सोय वगळली. त्यानंतर १ एप्रिल २०१० रोजी ३.२१ क्रमांकाचे अद्ययावतीकरण आले आणि त्याने आधी विकलेल्या कन्सोलमधूनही ती काढून घेतली. अद्ययावतीकरण नाकारण्याची मुभा होती, पण मग ऑनलाइन सेवा आणि पुढचे गेम बंद. म्हणजे ज्या दोन गोष्टींसाठी माणसाने पैसे मोजले होते, त्यांतली कोणती सोडायची ते त्यानेच ठरवायचे. सोनीने सुरक्षेचे कारण दिले. त्याच वर्षी जानेवारीत जॉर्ज हॉट्झ या तरुणाने लिनक्सच्या वाटेने कन्सोलच्या आतल्या थरापर्यंत पोहोचल्याचे जाहीर केले होते, हे खरे. तरीही विकलेल्या वस्तूतला एक भाग विक्रेत्याने नंतर काढून घेणे मला आजही पटत नाही. अमेरिकेत ग्राहकांनी त्याविरुद्ध सामूहिक दावा लावला. तो कित्येक वर्षे रेंगाळला आणि अखेर २०१८ मध्ये तडजोडीने मिटला. पात्र ठरलेल्या ग्राहकाला मिळायची रक्कम फार तर ६५ डॉलर होती.

सोय काढल्यावर कुलूप उघडण्याचे प्रयत्न वाढले. डिसेंबर २०१० मध्ये बर्लिनच्या परिषदेत फेलओव्हरफ्लो या गटाने दाखवले की स्वाक्षरी करताना दर वेळी नवी यादृच्छिक संख्या वापरायची असते, ती सोनीने दर वेळी एकच ठेवली होती. त्यामुळे दोन स्वाक्षऱ्या समोर ठेवून शाळेतल्या बीजगणिताने, दोन समीकरणांतून दोन अज्ञात संख्या काढाव्यात तशी, गुप्त किल्ली काढता येत होती. लवकरच हॉट्झ यांनी कन्सोलची मूळ किल्ली प्रसिद्ध केली आणि जानेवारी २०११ मध्ये सोनीने त्यांच्यावर दावा लावला. तो काही महिन्यांतच तडजोडीने संपला. हॉट्झ यांनी कोणतीही चूक कबूल केली नाही, पण यापुढे सोनीची कुलपे उघडणार नाही असे कायमचे बंधन स्वीकारले. स्वतःच्या मालकीच्या कन्सोलवर स्वतःचा प्रोग्राम चालवण्यासाठी कुलूप उघडणे गुन्हा आहे का, या मुख्य प्रश्नावर निकाल आलाच नाही. एका बाजूला मोठी कंपनी आणि दुसऱ्या बाजूला एकटा माणूस असला की बरेच प्रश्न असेच अनुत्तरित राहतात.

अमेरिकेत आणखी एक वाट आहे. दर तीन वर्षांनी तिथले काँग्रेसचे ग्रंथालय कलम १२०१ ला तात्पुरत्या सवलती देते. २०१० मध्ये स्मार्टफोनचे कुलूप उघडायला अशी सवलत मिळाली, पुढे स्मार्ट टीव्हीला, आणि २०२१ मध्ये राउटरलाही. कन्सोलसाठी २०१२ मध्ये रीतसर मागणी झाली आणि ती फेटाळली गेली. कन्सोलचे कुलूप उघडण्याचा चोरीच्या गेमशी निकटचा संबंध दिसतो आणि हौशी प्रोग्रामरांना दुसरी यंत्रे उपलब्ध आहेत, असे कारण दिले गेले. २०२१ मध्ये दुरुस्तीसाठी थोडे दार उघडले, पण कन्सोलच्या बाबतीत ते केवळ बिघडलेला डिस्क ड्राइव्ह बदलण्यापुरते. हातातल्या फोनला जी मुभा, ती टीव्हीखालच्या डब्याला नाही, याचे तर्कशुद्ध समर्थन मला सापडलेले नाही. मात्र भीती निराधार नव्हती, हेही मान्य केले पाहिजे. निन्टेंडोच्या कन्सोलसाठी कुलूप उघडण्याची साधने विकणाऱ्या टीम झेक्यूटर या टोळीतल्या एकाला २०२२ मध्ये ४० महिन्यांची शिक्षा झाली, आणि त्या टोळीचा धंदा चोरीच्या गेमवरच उभा होता.

कुलपाइतकाच महत्त्वाचा, पण कमी बोलला जाणारा प्रश्न म्हणजे मुक्त सॉफ्टवेअर ज्या साधनांनी तयार झाले त्यांचा. पहिल्या एक्सबॉक्ससाठी हौशी मंडळींनी एक्सबीएमसी नावाचा सुंदर मीडिया प्लेयर लिहिला, जो आज कोडी या नावाने जगभर वापरला जातो. त्याचा मूळ कोड मुक्त परवान्याखाली होता आणि तो वाटण्यात काहीच गैर नव्हते. पण कन्सोलवर चालणारी तयार फाइल बनवायला मायक्रोसॉफ्टचा विकसन-संच लागायचा, आणि तो परवानाधारक कंपन्यांनाच मिळत असे. म्हणून तो प्रकल्प फक्त मूळ कोड प्रसिद्ध करी आणि तयार फाइल कधीच देत नसे. ओळी त्याच, लेखक तेच. एक रूप कायदेशीर आणि दुसरे बेकायदा. यातून शहाणे झालेल्या पुढच्या प्रकल्पांनी स्वतःचे मुक्त संकलक (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारे प्रोग्राम) आणि लायब्ररी (तयार कोडचे संच) शून्यापासून लिहिल्या, ज्यांत कंपनीची एकही ओळ नव्हती.

उलट दिशेनेही अडचण येते. जुने गेम चालवणाऱ्या स्कमव्हीएम या मुक्त प्रोग्रामचा कोड न सांगता वापरून निन्टेंडोच्या ‘वी’ या कन्सोलसाठी लहान मुलांचे काही गेम बाजारात आले होते. स्कमव्हीएमच्या जीपीएल या मुक्त परवान्याप्रमाणे मूळ कोड देणे भाग होते, पण निन्टेंडोच्या विकसन-संचाच्या अटींत मुक्त सॉफ्टवेअरला मनाई होती. दोन्ही अटी एकाच वेळी पाळणे शक्यच नव्हते, आणि शेवटी तडजोडीत उरलेल्या प्रती बाजारातून काढाव्या लागल्या. जीपीएलच्या २००७ मधल्या तिसऱ्या आवृत्तीत तर घरगुती वापराच्या उपकरणात हे सॉफ्टवेअर घातले तर बदललेली आवृत्ती बसवण्याची माहितीही ग्राहकाला द्यावी, अशी अट आली. कन्सोल बनवणाऱ्यांना ती परवडणारी नाही. प्लेस्टेशन ४ ची ऑपरेटिंग सिस्टीम फ्रीबीएसडी या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमवर आधारलेली आहे, आणि तिच्या परवान्यात असे बंधन नाही. मुक्त सॉफ्टवेअर वर्षानुवर्षे कुलपाच्या आत चालतच आहे. बाहेरून आत जायला तेवढी मनाई आहे.

अमेरिकेबाहेर न्यायालयांनी अधिक बारकाईने पाहिले. ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने २००५ मध्ये म्हटले की प्लेस्टेशनचे कुलूप नक्कल रोखत नाही, आधीच झालेली नक्कल फक्त चालू देत नाही, म्हणून ते तिथल्या कायद्याने संरक्षित कुलूपच नव्हे. पुढच्याच वर्षी संसदेने कायदा बदलला. युरोपीय न्यायालयाने २०१४ मध्ये निन्टेंडो विरुद्ध पीसी बॉक्स या प्रकरणात सांगितले की कुलूप प्रमाणाबाहेर कडक आहे का आणि ते उघडणारे साधन लोक प्रत्यक्षात कशासाठी वापरतात, हे तपासून पाहावे. युरोपात परस्परजुळणीसाठी कोड उलगडण्याचा हक्क परवान्यातल्या अटीने काढून घेता येत नाही, आणि हे मला फार मोलाचे वाटते.

आता आपल्याकडे वळू. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात प्रोग्राम हा साहित्यकृतीत धरला जातो, आणि कलम ५२ मध्ये त्यासाठी उदार सवलती आहेत. प्रोग्राम कायदेशीरपणे ज्याच्या ताब्यात आहे त्याला स्वतंत्रपणे लिहिलेल्या प्रोग्रामची त्याच्याशी सांगड घालण्यासाठी आवश्यक माहिती मिळवता येते, मात्र ती माहिती सहज उपलब्ध नसावी. तो प्रोग्राम कसा चालतो याचे निरीक्षण, अभ्यास आणि चाचणी करता येते. स्वतःच्या बिगरव्यापारी वापरासाठी, रीतसर मिळवलेल्या प्रतीत बदलही करता येतो. ॲकोलेडला जे न्यायालयात झगडून मिळवावे लागले, ते इथे कायद्याच्या मजकुरातच लिहिलेले आहे.

कुलपाचा प्रश्न २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५अ मध्ये आहे. कॉपीराइट कायद्याने दिलेल्या हक्कांच्या रक्षणासाठी लावलेले परिणामकारक तांत्रिक कुलूप जो कोणी त्या हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने उघडेल, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. या वाक्यातले ‘भंग करण्याच्या हेतूने’ हे शब्द सगळ्यात महत्त्वाचे आहेत. अमेरिकेत कुलूप उघडले की प्रश्न उभा राहतो; आपल्याकडे ते कशासाठी उघडले याचे उत्तर आल्याशिवाय गुन्हा पूर्ण होत नाही. पुढचे उपकलम तर स्पष्टच सांगते की या कायद्याने ज्याला मनाई केलेली नाही अशा कारणासाठी कुलूप उघडण्याच्या आड हे कलम येणार नाही. एन्क्रिप्शनचे संशोधन आणि मालकाच्या संमतीने केलेली सुरक्षाचाचणी यांचाही तिथे वेगळा उल्लेख आहे.

समजा, नाशिकच्या एका अभियांत्रिकी विद्यार्थिनीने जुना कन्सोल विकत घेतला, इंटरनेटवर प्रसिद्ध झालेल्या पद्धतीने त्याचे कुलूप उघडले, लिनक्स टाकले आणि त्यावर स्वतःचा प्रोग्राम चालवला. लिनक्स वाटायला मोकळे आहे, प्रोग्राम तिचा आहे, यंत्र तिच्या मालकीचे आहे; कोणाच्या कॉपीराइटचा भंग करण्याचा हेतू इथे दिसत नाही. तिने त्याच कन्सोलवर उतरवून घेतलेला चोरीचा गेम चालवला, तर चित्र पूर्ण बदलते. मग कलम ६५अ तर लागू होईलच, शिवाय प्रोग्रामची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरल्याबद्दल कलम ६३ब खाली सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० ते २,००,००० रुपये दंडाची तरतूद आहे. आणि तिने कन्सोलची मूळ ऑपरेटिंग सिस्टीम बदल करून इतरांना वाटली, तर हेतू कितीही चांगला असला तरी ती सोनीची किंवा निन्टेंडोची कृती वाटणेच होईल. म्हणून जाणकार मंडळी फक्त बदलाची फाइल देतात, मूळ सिस्टीम देत नाहीत.

कायद्याने हात लावला नाही तरी कंपनी लावू शकते. कुलूप उघडलेल्या यंत्राला ऑनलाइन सेवेतून बाहेर काढणे आणि हमी नाकारणे हे सेवेच्या करारातले विषय आहेत, आणि असे यंत्र इंटरनेटला जोडण्यापूर्वी त्यांचा विचार केलेला बरा. ज्यांना हा धोका नको, त्यांच्यासाठी सरळ मार्गही आहेत. एक्सबॉक्सवर नोंदणी करून विकसकांसाठीची अवस्था सुरू करता येते आणि तिच्यात स्वतःचे प्रोग्राम चालतात. २०२२ मध्ये आलेला व्हॉल्व्ह कंपनीचा हातात धरून खेळायचा स्टीम डेक तर लिनक्सवरच चालतो आणि त्याला असे कुलूपच नाही.

कलम ६५अ मधली एक बारीक अट मात्र दुकानदारांनी जरूर वाचावी. दोन हजारच्या दशकात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून ‘चिप बसवलेला’ प्लेस्टेशन २ आणलेली माणसे आपल्या ओळखीत सहज सापडतील. त्या काळी ती चिप बहुतेक वेळा चोरीच्या डिस्कसाठीच असे. आज एखादा दुरुस्तीवाला कायदेशीर कारणासाठी दुसऱ्याच्या कन्सोलचे कुलूप उघडून देत असेल, तर त्या माणसाचे नाव, पत्ता, त्याची ओळख पटवणारा आवश्यक तपशील आणि कुलूप कशासाठी उघडले याची पूर्ण नोंद ठेवणे त्याच्यावर बंधनकारक आहे. गल्ल्याशेजारी एक वही हवी, तीत तारखेनिहाय रकाने हवेत, आणि शेवटच्या रकान्यात ‘लिनक्स टाकण्यासाठी’ किंवा ‘स्वतः लिहिलेला प्रोग्राम चालवण्यासाठी’ असे स्वच्छ अक्षरात लिहून त्याखाली गिऱ्हाइकाची सही घेतलेली हवी.